यूरोपीय संघाच्या ध्वजावरील बारा तारे

चाकणचा संग्रामदुर्ग वाचकांस परिचित आहेच. त्याच गांवाच्या आसमंतांत आज यूरोपीय कंपन्यांचे कारखाने आहेत. फोक्सवॅगनचा कारखाना तेथें २००९ सालीं सुरू झाला. निळ्या क्षेत्रावर बारा सोनेरी ताऱ्यांचें वर्तुळ, हें यूरोपीय संघाचें चिन्ह असलेले कागद अशा व्यवहारांतून पुढेंमागें संग्राहकांच्या हातीं येतील. शिक्कामोर्तब पाहून कागदाचा काळ ठरविण्याची आपली रीत आहे. म्हणून एक सूचना करणें अवश्य वाटतें.

ताऱ्यांची संख्या ही सभासद राष्ट्रांची संख्या नव्हे. हा ध्वज प्रथम १९५५ सालीं कौन्सिल ऑफ यूरोप या निराळ्या संस्थेनें स्वीकारिला. बारा ही संख्या पूर्णतेची व ऐक्याची द्योतक म्हणून घेतली. १९८६ सालीं ब्रुसेल्स येथें यूरोपीय समुदायानें तो उभारिला, तेव्हां त्याचीं सभासद राष्ट्रें योगायोगानें बाराच होतीं. भ्रमाचें मूळ येथेंच आहे. पुढें राष्ट्रें १९९५ सालीं पंधरा, २०१३ सालीं अठ्ठावीस व २०२० सालीं ब्रिटन बाहेर पडल्यावर सत्तावीस झालीं. तारे मात्र बाराच राहिले.

अमेरिकेच्या ध्वजावरील तारे तेथील संस्थानांबरोबर वाढत गेले, म्हणून त्यांवरून काळाचें अनुमान होतें. येथें तें होत नाहीं. सबब तारे मोजून साल लावूं नये. तें कागदाच्या मजकुरांतच शोधावें.