डेन्मार्कचा राजपुत्र तलावपाळीला

२०१८ साली वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींत एक नाव चटकन डोळ्यांत भरायचं : ‘हॅम्लेट’. नवरा-बायकोच्या गमतीजमती आणि हमखास हशांची हमी देणाऱ्या चौकटींच्या शेजारी हा डेन्मार्कचा राजपुत्र उभा होता. प्रस्तुती झी मराठीची, संहिता नाना जोगांची, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं, नेपथ्य प्रदीप मुळ्येंचं आणि हॅम्लेटच्या भूमिकेत सुमीत राघवन. नाटक ठाण्याच्या गडकरी रंगायतनला लागलं तेव्हा तिकीट काढणाऱ्यांच्या शंका साध्या होत्या. किती तासांचं आहे, समजेल ना, आणि मुलांना आणलं तर चालेल का?

शेक्सपिअरला आपल्याकडचा अंगरखा चढवायचा की त्याच्याच पोशाखात आणायचा, हा वाद मराठी रंगभूमीवर दीडशे वर्षं चालला आहे. तो घातला लेखकांनी, प्राध्यापकांनी, समीक्षकांनी. प्रेक्षकाने त्यात कधी फारसं लक्ष घातलं नाही. रंगमंचावर कोण कुणाचं कोण लागतं आणि नट बोलतो ते कानाला गोड लागतं का, एवढंच तो पाहत आला. ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा प्रेक्षकही याला अपवाद नाही.

या पट्ट्याचा आणि शेक्सपिअरचा संबंध जोडायचा तर थोडं मागे जावं लागतं. ठाण्याला रेल्वे आली १८५३ साली, कल्याणला पुढच्या वर्षी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, म्हणजे शेक्सपिअरच्या जन्माला तीनशे वर्षं झाली त्या सालचं. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण त्यानंतर तीनच वर्षांनी महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘अथेल्लो’ मराठीत छापून आला, आणि इंग्रजी न येणाऱ्या वाचनालयाच्या सभासदालाही शेक्सपिअर वाचता येण्याची सोय झाली.

वाचण्यातून पाहण्याकडे जायला वेळ लागला नाही. विष्णु मोरेश्वर महाजनींचा ‘तारा’ म्हणजे ‘सिंबेलीन’चं रूपांतर. त्याचा बडोद्यातला प्रयोग तिथे शिकवणाऱ्या हॅरल्ड लिटलडेल यांनी पाहिला आणि १८८० साली ‘मॅकमिलन्स मॅगझीन’मध्ये त्यावर लेख लिहिला. आपल्याकडच्या शेक्सपिअरच्या प्रयोगाची इतकी जुनी लेखी नोंद दुर्मीळच. स्त्रियांच्या भूमिका करणारी मुलं आणि साधा मंच पाहून या साहेबाला शेक्सपिअरच्या काळातलं नाटकघर आठवलं. ज्याला आपण जुनाट म्हणून नाकं मुरडली असती, तेच त्याला मुळाच्या जवळचं वाटलं!

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणला तो डोंगरीच्या तुरुंगात बसून. टिळकांबरोबर १०१ दिवसांचा तुरुंगवास भोगताना केलेलं हे काम ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झालं. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो चंद्रसेन गाजवला. किर्लोस्करांच्या संगीत नाटकांनी लोकांना वेड लावलं होतं तो हा काळ. अशा दिवसांत एकही पद नसलेलं, मरणाबद्दल लांबलांब बोलणारं गद्य नाटक ऐकायला लोक यायचे ते गणपतरावांच्या वाणीसाठी. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला १८९० साली, तोही गणपतरावांनीच उचलून धरला. वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या ‘त्राटिका’त ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची कजाग नायिका मराठी घरात येऊन बसली.

आज ही रूपांतरं जुन्या वळणाची वाटतात. त्या काळी मात्र आधुनिक शेक्सपिअर म्हणतात तो हाच होता. नावं बदलायची, गावं बदलायची, राजाचा सरदार करायचा आणि बाकी गोष्ट तशीच ठेवायची. प्रेक्षकाने हे सगळं कुरकुर न करता स्वीकारलं, कारण त्याच्या लेखी ही परकी नाटकं नव्हतीच. झुंझाररावाने कमळजेवर संशय घेतला की पुढे काय होणार हे कळायला व्हेनिस ठाऊक असण्याची गरज नव्हती.

मधल्या काळात एक मोठा प्रयत्न झाला तो मुंबई मराठी साहित्य संघाचा. वि. वा. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ म्हणजे ‘मॅकबेथ’, १९५४ साली. नानासाहेब फाटक, दुर्गाबाई खोटे आणि दिग्दर्शनाला हर्बर्ट मार्शल नावाचे इंग्रज गृहस्थ. एवढा सगळा जामानिमा असूनही आज ‘राजमुकुट’ आठवतो तो अभ्यासकांना. घरोघरी पोहोचला तो शिरवाडकरांचाच नंतरचा शेक्सपिअर, आणि त्यावर शेक्सपिअरचं नावही नव्हतं.

नानासाहेब फाटकांना ‘किंग लिअर’ करायचा होता आणि त्यांनी शिरवाडकरांकडे त्याचं मराठी मागितलं, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यातून निघालं ‘नटसम्राट’. २३ डिसेंबर १९७० रोजी बिर्ला मातोश्री सभागृहात गोवा हिंदू असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, नायक अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागू, नायकाची बायको कावेरी शांता जोग. लिअरने राज्य वाटून दिलं होतं, बेलवलकरांनी आयुष्यभराची कमाई वाटली. लिअरच्या तीन मुली होत्या, इथे एक मुलगा आणि एक मुलगी. बापावर खरं प्रेम करणारी कॉर्डेलिया शिरवाडकरांनी गाळून टाकली आणि तिची माया बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या हाती दिली. रक्ताच्या नात्यात कुणीच उरलं नाही, रस्त्यावरचा पोरगा उरला. शेक्सपिअरला आधुनिक करण्याचं याहून धीट उदाहरण मला मराठीत दुसरं दिसत नाही.

लोकांना ते का भिडलं, हे ज्याने त्या काळातली डोंबिवली पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही. गिरगाव-दादरच्या चाळीतली खोली सोडून माणसं ठाणे, डोंबिवली, कल्याणला येत होती. एका खोलीच्या दोन झाल्या, पण म्हाताऱ्या आईवडिलांची खाट नक्की कुठे टाकायची याचं उत्तर त्या दोन खोल्यांतही सापडत नव्हतं. ‘नटसम्राट’ पाहून बाहेर पडताना सुना-मुलं एकमेकांच्या नजरा चुकवायची आणि वडील मंडळी रुमाल शोधायची. हे दृश्य पुढे कित्येक वर्षं, पुढचे बेलवलकर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांच्या प्रयोगांनाही तसंच दिसत राहिलं. समीक्षकांनी नाटकावर भडकपणाचा ठपका ठेवला आणि तो अगदी निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण तो ठपका प्रेक्षकांपर्यंत पोहोचला नाही. बेलवलकरांची स्वगतं शाळांच्या स्नेहसंमेलनांत गेली, गणेशोत्सवातल्या एकपात्री स्पर्धांत गेली. दहा वर्षांचा मुलगा पांढरी दाढी चिकटवून मुलांच्या कृतघ्नपणावर बोलतोय आणि पहिल्या रांगेत त्याचे आईवडील टाळ्या वाजवताहेत, ही गंमत आमच्याकडे नेहमीची आहे.

माणसं इकडे आली तशी नाटकंही मागोमाग आली. पूर्वी चांगलं नाटक म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर आणि परतीची गाडी. १९७८ साली ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन उभं राहिलं, पुढे घोडबंदरच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. ज्यांना मराठीचे शेक्सपिअर म्हणायची पद्धत आहे त्या राम गणेश गडकऱ्यांच्या नावाच्या थिएटरात ‘हॅम्लेट’ लागलं, हे छानच झालं.

‘हॅम्लेट’च्या सुरुवातीच्या दिवसांत गडकरीत जो प्रयोग पाहिला, त्यातला पहिला अर्धा तास प्रेक्षागृह विलक्षण शांत होतं. ती भारावून गेल्याची शांतता नव्हती, लोक नाती लावत होते. मेलेल्या राजाचा भाऊ कोणता, त्याने भावजयीशी लग्न कधी केलं, ही पोरगी कुणाची. शेजारच्या रांगेत एक काका कुजबुजत बायकोला वंशावळ समजावून सांगत होते आणि त्यांचं सांगणं बिनचूक होतं. एकदा का दिराने भावजयीशी लग्न केलंय आणि नवऱ्याला जाऊन पुरते दोन महिनेही झालेले नाहीत हे ध्यानात आलं, की नाटक लोकांच्या हातात आलं. त्यानंतर मुकुट, तलवारी, परदेशी नावं यांची अडचण कुणाला झाली नाही. तुषार दळवींचा क्लॉडियस, मुग्धा गोडबोलेंची गर्ट्रूड, मनवा नाईकची ओफेलिया, सगळेच टीव्हीमुळे ओळखीचे चेहरे. त्याचा फायदा एवढाच की लोक कानाआधी डोळ्यांनी पात्रं ओळखू लागले.

हशे आले, आणि योग्य जागी आले. सुनील तावडेंचा पोलोनियस मुलाला परदेशी धाडताना उपदेशाची गाठोडी सोडतो तेव्हा सभागृह खळखळून हसलं. सहार विमानतळावर मुलाला अमेरिकेच्या विमानात बसवून आलेले बाप त्या गर्दीत काही कमी नव्हते. मात्र हॅम्लेटचं ते जगप्रसिद्ध स्वगत सुरू झालं आणि जे व्हायला नको होतं ते झालं. पहिल्याच शब्दाला टाळी पडली. नाट्यसंगीताच्या मैफलीत ओळखीचं पद सुरू होताच पडते तशी. राघवन क्षणभर थांबले आणि पुढे गेले. टाळी प्रेमाचीच होती, पण जगावं की मरावं या विचारात बुडालेल्या माणसाला टाळी देऊन आपण त्याला पुन्हा नट करून टाकतो. गणपतराव जोशींच्या वेळचा वाणीचा शौक एकशेतीस वर्षांनी अजून शाबूत आहे, हे त्यात दिसलं.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत चर्चा होती ती हॅम्लेट इतका वेळ का लावतोय याची. प्रार्थनेला बसलेला काका समोर असताना तलवार उपसून परत म्यान करणारा नायक आमच्या लोकांना पटला नाही. माझ्या मते ही त्या प्रयोगाला मिळालेली सर्वांत चांगली दाद होती. हाच प्रश्न जगभरचे विद्वान चारशे वर्षं विचारताहेत, इथे तो प्लेटमधला वडा मोडता मोडता विचारला जात होता.

सगळंच काही साजरं नव्हतं. मूळ ‘हॅम्लेट’ पूर्ण केलं तर चार तास पुरत नाहीत, त्यामुळे काटछाट सगळेच करतात, तरीही शेवटाकडे घड्याळं पाहिली जात होती. रात्री साडेआठचा प्रयोग संपून रिक्षा मिळवायची, स्टेशन गाठायचं आणि डोंबिवली किंवा कल्याणला उतरून पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, हे ज्याच्या नशिबी आहे त्याच्या लेखी शेवटच्या द्वंद्वयुद्धातली पाच मिनिटंही लांबच. मोबाइल वाजले, ते हल्ली कुठल्या नाटकाला वाजत नाहीत?

त्याच वर्षी ‘नटसम्राट’ही नव्याने आलं, हृषीकेश जोशींच्या दिग्दर्शनात, मोहन जोशी आणि रोहिणी हट्टंगडी यांना घेऊन. एकाच वर्षात शेक्सपिअरची दोन टोकं या प्रेक्षकासमोर आली. एक त्याच्या मूळ पोशाखातलं, दुसरं धोतर नेसलेलं. ‘नटसम्राट’ला डोळे पुसले गेले, पण पुढचं वाक्य ठाऊक असल्याने ते पुसले जाणंही ठरलेलं होतं. ‘हॅम्लेट’ला लोक पुढे सरकून बसले. शेक्सपिअर मराठी मनाला रुचावा म्हणून त्याला घरगुती करावंच लागतं, हा आपला जुना समज या एका वर्षाने खोटा पाडला. त्याची नाती नीट दिसली, भाषा स्वच्छ ऐकू आली, की डेन्मार्क आम्हाला चालतं.

म्हणून निर्मात्यांना एक विनंती. पुढचा शेक्सपिअर कराल तेव्हा तो दादर-पार्ल्यापुरता आणि फार तर गडकरीपुरता ठेवू नका. कल्याणला अत्रे रंगमंदिरात आणि डोंबिवलीत फुले कलामंदिरात रविवारी दुपारी साडेचारचा प्रयोग लावा. तिकीट आम्ही काढतो.