गट नोंदणीची फी: आधी नियम पक्का, मग प्रोग्राम

वर्षावास सुरू झाला की गावोगावी धम्म शिबिरे, अभ्यासवर्ग आणि लेण्यांच्या सहली ठरू लागतात. विपश्यना केंद्रांत साधकांकडून फी घेत नाहीत, तेथे सारे दानावर चालते. परंतु स्थानिक समितीला सभागृह, जेवण, पुस्तिका यांचा खर्च भागवायचा असतो, म्हणून नोंदणी फी ठेवावी लागते. गटाने येणाऱ्यांना सवलतही दिली जाते. हा हिशेब वहीत करताना चुका होतात आणि पैशांवरून कुरबुरी होतात.

अशा कामासाठी छोटा प्रोग्राम आपलीच मुले-मुली लिहू शकतात. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी गारगोटीत उभारलेल्या मौनी विद्यापीठामुळे भुदरगड तालुक्यातील विद्यार्थ्यांना तंत्रशिक्षण घराजवळ मिळाले. शिकलेले समाजाच्या कामी लावण्याची ही सोपी सुरुवात आहे.

समजा, गारगोटीत एक दिवसाचे शिबिर आहे आणि समितीने असे दर ठरवले:

१ ते ४ जण: प्रत्येकी २०० रुपये
५ ते ९ जण: प्रत्येकी १८० रुपये
१० किंवा अधिक: प्रत्येकी १५० रुपये

नवशिक्यांसाठी पायथन ही भाषा सोपी आहे. तिच्यात चलाचे नाव ‘संख्या’ असे देवनागरीत ठेवता येते. वापरणाऱ्याने ‘१२’ असा मराठी आकडा टाइप केला तरी ‘इंट’ हे फंक्शन तो बरोबर ओळखते. मात्र प्रोग्राममध्ये दर लिहिताना इंग्रजी आकडेच वापरावे लागतात.

प्रोग्रामचे टप्पे असे:

१. गटातील माणसांची संख्या विचारा.
२. संख्या १ पेक्षा कमी असेल तर चूक दाखवून थांबा.
३. संख्या १० किंवा अधिक असेल (इफ) तर दर १५०.
४. नाहीतर, संख्या ५ किंवा अधिक असेल (एलिफ) तर दर १८०.
५. नाहीतर (एल्स) दर २००.
६. संख्या गुणिले दर, ही एकूण फी दाखवा.

अटींचा क्रम महत्त्वाचा आहे. संगणक वरून खाली वाचतो आणि पहिली खरी अट सापडली की पुढच्या अटी पाहत नाही. ‘५ किंवा अधिक’ ही अट आधी लिहिली तर १५ जणांच्या गटालाही १८० चाच दर लागेल. तसेच ‘१० पेक्षा जास्त’ आणि ‘१० किंवा अधिक’ यांत नेमका दहाव्या माणसाचा फरक आहे. म्हणून तपासताना ०, १, ४, ५, ९ आणि १० हे काठावरचे आकडे घालून पाहावेत.

आता ९ आणि १० हे दोन आकडे घालून बघा. नऊ जणांची फी १६२० रुपये येते, दहा जणांची १५०० रुपये. म्हणजे नऊ जणांना दहा जणांपेक्षा १२० रुपये जास्त! प्रोग्राम बरोबर आहे, नियमातच खोट आहे. अशा वेळी एखादा गट न येणाऱ्या माणसाचे नाव घालून पैसे वाचवेल. मृषावादापासून दूर राहण्याचे शील जेथे शिकवायचे, तेथील फीच खोटे बोलायला लावते.

यावर उपाय म्हणजे टप्प्यांची पद्धत. पहिल्या ४ जणांना २००, पाचव्यापासून नवव्यापर्यंत १८० आणि दहाव्यापासून पुढच्यांनाच १५०. आयकराचे दरही असेच त्या-त्या टप्प्यातील रकमेपुरते लागतात. आता नऊ जणांचे १७०० आणि दहा जणांचे १८५० होतात. माणूस वाढला की फी वाढते, उलटे कधीच होत नाही. मात्र १२ जणांना जुन्या पद्धतीने १८०० आणि या पद्धतीने २१५० रुपये पडतात. म्हणून कोणती पद्धत आहे हे पत्रकात आधीच छापले पाहिजे.

यापुढचा प्रश्न प्रोग्राम सोडवू शकत नाही. पाटगावहून तीन जण आले तर प्रत्येकी २०० रुपये भरतील. कोल्हापूरहून पंधरा जणांचा गट आला तर जुन्या पद्धतीने प्रत्येकी १५० भरेल. जेवणाचे ताट तर दोघांना सारखेच. मग ज्या गावात आपली चारच घरे आहेत, त्यांनी जास्त का द्यावे?

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमीन महसुलावर असाच आक्षेप घेतला होता. आयकर ऐपतीप्रमाणे घेतला जातो, पण एक एकरवाला शेतकरी आणि जहागीरदार यांना महसुलाचा दर मात्र एकच, हे त्यांनी दाखवून दिले. ऐपतीचे हे तत्त्व आपल्या छोट्या शिबिरालाही लागू होते. विद्यार्थी, रोजंदारीवर काम करणारे आणि दुर्गम वाड्यांतून येणारे यांच्यासाठी वेगळा दर ठेवता येतो. प्रोग्राममध्ये त्यासाठी फक्त एक प्रश्न आणि एक अट वाढेल.

संगणक सांगितलेला नियम निमूटपणे पाळतो. तो न्याय्य आहे की नाही, हे समितीच्या बैठकीतच ठरवावे लागते. म्हणून पत्रके छापण्याआधी १ ते १५ जणांच्या फीचा तक्ता प्रोग्रामकडून काढून घ्या आणि बैठकीत सर्वांसमोर वाचा. खोट असेल तर ती तेथेच दिसेल.