क्लीव्ह : फोडणं की चिकटणं?

आजचा शब्द ‘क्लीव्ह’. डिक्शनरी ॲपमध्ये पहिलाच अर्थ येतो ‘कापणे’, आणि बहुतेक जण तिथेच ॲप बंद करतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

मराठीत आपण भाजी चिरतो, केस कापतो, फांदी छाटतो आणि लाकूड फोडतो. क्लीव्ह या शेवटच्याच्या जवळचा. कुऱ्हाडीचा घाव बसला की लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेनं दुभंगतं, तसं. खाटकाचा जाड, रुंद सुरा, क्लीव्हर, तो यावरूनच. हिरेवालेही हाच शब्द वापरतात. ३१०६ कॅरेटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला जोसेफ ॲशर यांनी क्लीव्ह केला. आधी खाच पाडली, तिच्यात पातं बसवलं, मग वरून ठोका. त्यामुळे वाढदिवसाचा केक क्लीव्ह करायचा नाही हं, तिथे ‘कट’च बरा.

आता गंमत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये नवरा आईवडिलांना सोडून बायकोशी ‘क्लीव्ह’ होईल, अशा अर्थाचं वाक्य आहे. कुऱ्हाड घेऊन? छे! तिथे अर्थ आहे घट्ट जोडून राहणं. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकाच स्पेलिंगवर येऊन थांबली. कोडिंगवाल्यांनो, हे चक्क फंक्शन ओव्हरलोडिंग आहे : नाव एकच, आर्ग्युमेंट बघून ठरतं कोणतं चालवायचं. इथलं आर्ग्युमेंट म्हणजे ‘टू’. जुन्या परंपरेला ‘क्लीव्ह टू’ करणारा माणूस ती मोडत नाही, धरून बसतो. पण ‘क्लीव्ह इन टू’ मधला टू म्हणजे दोन! ऐकताना इथे फसायला होतं.

भूतकाळ आणखी वात्रट. फोडण्याच्या अर्थी क्लीव्ह्ड, क्लोव्ह, क्लेफ्ट, तिन्ही चालतात. तुम्ही लिहिताना क्लीव्ह्ड वापरा. क्लेफ्ट मात्र ओळखून ठेवा, कारण तो हॉस्पिटलच्या कागदावर भेटतो. बाळाच्या फाईलवर ‘क्लेफ्ट लिप’ वाचून, वर ‘कापणे’ हा अर्थ शोधून, घरच्यांना वाटेल की ओठाला कुणी इजा केली. तसं काही नसतं. पोटात वाढताना ओठाचे भाग जुळायचे राहतात आणि फट राहते. मराठीत दुभंगलेला ओठ. ऑपरेशन करून तो शिवता येतो.

जाता जाता, लसणाची पाकळी, इंग्रजीतली ‘क्लोव्ह’, तीही याच फोडण्याच्या कुळातली. लवंगेलाही क्लोव्हच म्हणतात, पण ती आली फ्रेंचमधल्या खिळ्यावरून. एक लवंग हातात धरून बघा, खिळाच दिसेल.