पहिला चीक आणि काही जुने समज

शेळी व्याली की घरातील वडीलधारी बाई प्रथम वार पडली की नाही याची चौकशी करते, आणि ती पडेपर्यंत करडाला सडाला तोंड लावू देत नाही. आधी चीक पाजला तर वार आत अडकून राहते, शिवाय इतका घट्ट, पिवळा चीक कोवळ्या जिवाला बाधून हगवण लागते, असा समज या मनाईच्या मुळाशी असतो. या मनाईत वात्सल्याची उणीव मुळीच नसते. पण तिच्यामुळे जितकी करडे दगावतात तितकी लांडग्याने नेली नसतील, असे मला अनेक गोठे पाहिल्यावर मनापासून वाटते.

वस्तुस्थिती अशी आहे की मानवी अर्भकाला मातेच्या उदरातच वारेवाटे रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात, परंतु शेळीच्या वारेची रचनाच अशी की ती द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे सुमारे 150 दिवस उदरात वाढलेले करडू या बाबतीत सर्वस्वी निःशस्त्र जन्माला येते. त्याचे सारे संरक्षण चिकात साठवलेले असते, आणि ते जसेच्या तसे रक्तात शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासातासाने घटत जाऊन 24 तासांत जवळजवळ संपुष्टात येते. ही मुदत टळल्यावर पाजलेला चीक पोट भरील, पण रोगापासून तसे रक्षण करणार नाही. वार पडण्यास पुष्कळदा कित्येक तास लागतात. तिची वाट पाहणे म्हणजे या मुदतीतला सर्वांत मोलाचा भाग वाया घालवणे होय. शिवाय करडू सड ओढू लागले की शेळीच्या शरीरात जे द्रव्य स्रवते तेच पान्हा सोडते आणि तेच गर्भाशयाचे आकुंचन घडवून वार सुटण्यास साहाय्य करते. अर्थात ज्या गोष्टीची भीती बाळगली जाते, तीच गोष्ट खरे तर उपकारक आहे. बारा तास उलटूनही वार न पडल्यास पशुवैद्यकास बोलवावे. ती ओढून काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

हगवणीच्या शंकेचेही असेच आहे. चिकाने करडाचा कोठा मोकळा होऊन पोटातील काळसर, चिकट मळ बाहेर पडतो, आणि हे इष्टच असते. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे अडीच किलोच्या करडाला पाव लिटरच्या आसपास चीक तीन-चार वेळा विभागून मिळावा, आणि त्यातला पहिला घोट जन्मानंतरच्या तासाभरात मिळावा. त्यापूर्वी सडाच्या तोंडाशी बसलेला घट्ट थेंब दोन धारा काढून मोकळा करावा. उस्मानाबादी शेळीला जुळी होणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी दांडगे करडू दोन्ही सड बळकावते आणि दुर्बळ भावंड उपाशी बसते, म्हणून प्रत्येकाचे पोट हाताने चाचपून खातरजमा करावी.

थंडीने गारठून मान टाकलेल्या करडाला तातडीने दूध पाजावे, असे कनवाळू माणसाला साहजिकच वाटते. परंतु अशा करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे: आत गारवा लागला तर त्याचे आतडे पचनास आणि गळा गिळण्यास असमर्थ झालेला असतो, आणि बळेच ओतलेले दूध फुप्फुसात जाऊ शकते. आधी कोरड्या गोणपाटाने चोळून, उबेशी ठेवून शरीर तापवावे आणि चोखण्याची ओढ परतल्यावरच दूध द्यावे. नाळेवर राख किंवा शेण लावण्याचा रिवाज मात्र तत्काळ सोडावा, कारण त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात. तिथे टिंक्चर आयोडीन लावावे, एवढेच.

ऊब म्हणजे चोहोबाजूंनी बंद खोली, हाही असाच एक गैरसमज आहे. कोंडलेल्या वाड्यात मुताचा उग्र वायू साचून करडांच्या छातीला अपाय होतो. त्यांना हवी ती कोरडी जमीन, अंगावर थेट न येणारा वारा आणि वर मोकळी हवा. ओल टाळण्याचे दुसरेही कारण आहे. करडांची रक्ती हगवण घडवणारे सूक्ष्म जीव ओल्या, घाणेरड्या जमिनीवरच फोफावतात, आणि तिचा दोष लोक उगाच आईच्या दुधावर ढकलतात.

शेळी काहीही खाते, या लोकप्रवादाने तिच्यावर फार अन्याय केला आहे. तिचा वरचा ओठ बोटांसारखा चपळ असतो. बाभळीच्या काट्यांतून नेमकी कोवळी पाने ती वेचून घेते, आणि जमिनीवर तुडवलेल्या चाऱ्याला तोंडही लावत नाही. म्हणून शेवरी किंवा सुबाभळीच्या फांद्या तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगाव्यात. करडेही दोन-तीन आठवड्यांची होताच अशी पाने कुरतडू लागतात, आणि त्याच कुरतडण्याने त्यांचे कोठीपोट वाढीस लागते. निव्वळ दुधावर पोसलेले करडू गुटगुटीत दिसले तरी त्याचे कोठीपोट मागेच राहते.

लहान गोठ्यात दूध आणि करडू यांची सांगड घालण्याची सोपी तजवीज आहे: काही आठवड्यांच्या करडांना रात्री वेगळे बांधावे, पहाटे धार काढावी आणि नंतर त्यांना दिवसभर आईपाशी सोडावे. दुधाला वास येतो ही तक्रार बहुधा बोकड जवळ बांधल्याने किंवा कास न धुतल्याने उद्भवते. पण शेळीचे कच्चे दूध औषधी असते, डेंग्यूत ते रक्तातील पेशी वाढवते, हे समज अधिक घातक आहेत. त्याला आधार नाही, आणि कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप येऊ शकतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैन्याला जडणाऱ्या तापाचे जंतू शेळ्यांच्या दुधातून येतात, हे झामित या संशोधकाने 1905 मध्ये दाखवले. 1906 मध्ये सैनिकांना ते दूध बंद करण्यात येताच तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. तान्ह्या मुलाला आईच्या दुधाऐवजी केवळ शेळीचे दूध देऊ नये, कारण त्यात फोलेट अत्यल्प असते. इतरांनी ते नीट उकळून प्यावे. आणि ज्या शेळीचा गर्भ अकाली पडला असेल, तिची वार उघड्या हातांनी न उचलता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, आणि तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी.