'सोलरस्टेइन' : शब्द आणि वस्तू

प्राचीन नॉर्स भाषेत 'सोलरस्टेइन' असा एक सामासिक शब्द आढळतो. 'सोल' म्हणजे सूर्य, 'सोलर' हे त्याचे षष्ठीचे रूप आणि 'स्टेइन' म्हणजे दगड. 'सोल' हा संस्कृत 'स्वर्' व 'सूर्य' यांचा सगोत्र असल्यामुळे मराठी वाचकास येथे 'सूर्यकांत' सहज आठवेल. परंतु सूर्यकांत हा सूर्यकिरणांपासून अग्नी निर्माण करणारा मणी होय. नॉर्स कथेतील दगड सूर्याचे स्थान दाखवितो. केवळ विग्रहावरून वस्तू ओळखू पाहणे धोक्याचे असते.

युरोपीय खलाशांना बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी होकायंत्र ठाऊक असल्याचा पुरावा नाही. मग ढगाळ दिवसांत व्हायकिंग नाविक दिशा कशी ठरवीत? १९६७ साली डॅनिश पुरातत्त्वज्ञ थोर्किल राम्सकौ यांनी सुचविले की, सोलरस्टेइन हा प्रकाशाचे ध्रुवीभवन ओळखणारा स्फटिक असावा. वातावरणात विखुरलेल्या सूर्यप्रकाशाची कंपने मुख्यतः एकाच दिशेने होतात, आणि ती दिशा सूर्याच्या स्थानावर अवलंबून असते. आइसलंडमध्ये मिळणाऱ्या कॅल्साइटच्या पारदर्शक स्फटिकातून पाहिल्यास वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे रासमुस बार्थोलिन याने १६६९ मध्येच नोंदविले होते. असा स्फटिक आकाशाकडे धरून फिरविला की दोन्ही प्रतिमा एका विशिष्ट स्थितीत सारख्याच उजळ दिसतात. त्यावरून झाकलेल्या सूर्याची दिशा कळते. २०११ साली फ्रान्समधील रेन येथील संशोधकांनी ही रीत सुमारे एका अंशापर्यंत अचूक ठरू शकते असे दाखविले.

भौतिकदृष्ट्या हे शक्य आहे, यात संशय नाही. पण शक्यता म्हणजे इतिहास नव्हे. राउडुल्फच्या कथेत राजा ओलाफ हिमवर्षाव चालू असता सिगुर्डला सूर्य कोठे आहे असे विचारतो आणि त्याचे उत्तर दगड वर धरून पडताळून पाहतो. हा प्रसंग भूमीवरचा आहे, समुद्रावरचा नव्हे. शिवाय कथेतील कौतुक दगडाचे नसून सिगुर्डच्या ज्ञानाचे आहे. आणि दाट ढगांखाली ध्रुवीभवन अत्यंत क्षीण होते, ही अडचण निराळीच. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील आइसलंडच्या चर्चच्या मालमत्तेच्या याद्यांतही हा शब्द येतो, म्हणजे तेथेही तो जहाजापासून दूरच. चॅनेलमधील ऑल्डर्नी बेटाजवळ १५९२ साली बुडालेल्या जहाजात कॅल्साइटचा स्फटिक मिळाला खरा, पण ते जहाज व्हायकिंग युगानंतर पाच शतकांनी बुडाले.

याउलट 'लेइदारस्टेइन', म्हणजे मार्गदर्शक दगड किंवा लोहचुंबक, याविषयी चौदाव्या शतकाच्या आरंभीचे हाउक्सबोक स्पष्ट बोलते : फ्लोकीच्या काळी नॉर्डिक दर्यावर्दींपाशी तो नव्हता, म्हणून फ्लोकीने कावळे नेले. त्याच ग्रंथात नॉर्वेहून ग्रीनलंडला जाण्याचा मार्ग दिला आहे. शेटलंडच्या उत्तरेने जावे. फॅरो बेटांच्या दक्षिणेने अशा अंतरावरून की, समुद्र डोंगरांच्या निम्म्या उंचीपर्यंत दिसेल. आणि आइसलंडच्या दक्षिणेने इतक्या अंतरावरून की, तेथील पक्षी व देवमासे दृष्टीस पडतील. त्यात कोणत्याही दगडाचा उल्लेख नाही.