दुकान नव्हे, दुरुस्तीचं टेबल

रिपेअर कॅफे म्हणजे बिघडलेल्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करायची जागा. तिथे वस्तू टाकून जाता येत नाही. बंद पडलेली इस्तरी आणली असेल, तर दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि जमेल तेवढं काम स्वतः करायचं, अशी तिथली रीत. या उपक्रमाचं सगळं बळ मला या रीतीत दिसतं. वस्तू टाकून जाता आली असती, तर ते एक फुकटचं दुकान झालं असतं.

पहिला रिपेअर कॅफे १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममधल्या एका नाट्यगृहात भरला. मार्टिने पोस्टमा या डच पत्रकार बाईंची ही कल्पना. आपल्याकडे कोपऱ्यावर मिक्सर दुरुस्त करणारा, चांभार, रफूवाला अजून सापडतो. तिकडे मजुरी इतकी महाग, की दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडते, आणि थोडक्या बिघाडापायी चांगली वस्तू कचऱ्यात जाते. पोस्टमाबाईंना सलत होतं ते हे.

टेबलावर काम सुरू होतं ते साध्या तपासणीने. आधी वायर. ती बहुधा प्लगजवळ किंवा वस्तूच्या अंगात शिरते तिथे तुटते, कारण रोजचा पीळ तिथेच बसतो. बाहेरून ती धड दिसते, मल्टिमीटर लावला की आतली तार तुटलेली कळते. वायर ठीक असेल तर इस्तरीचा थर्मल फ्यूज बघायचा, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बघायचे. कॉफीची यंत्रं तर ढिगाने येतात. पाण्यातल्या क्षारांचा थर साचून त्यांच्या नळ्या तुंबलेल्या असतात. पण खरी झटापट वस्तू उघडतानाच होते. विचित्र डोक्यांचे स्क्रू, डिंकाने चिकटवलेले सांधे, आत लपवलेल्या खाचा! वस्तू मालकाने कधी उघडूच नये अशा बेताने बनवलेली असते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

या झटापटीत वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात ओळख होते. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने पक्कड. दुरुस्त करणाऱ्यांत निवृत्त माणसं पुष्कळ असतात. ज्यांना कामावरून सुटल्यावर कोणी काही विचारेनासं झालेलं असतं, त्यांच्यासमोर इथे माणसं वाट बघत बसतात. पलीकडच्या टेबलावर कोणी पँटची चेन बदलायला शिकत असतं. पैसे सक्तीचे नाहीत, डब्यात हवे ते टाकावेत. नवी वायर किंवा चेन लागली तर तिची किंमत वेगळी. काम टिकेलच अशी हमी कोणी देत नाही. साधारण तीनातल्या दोन वस्तू सुधारतात. न सुधारलेली वस्तू ज्याची त्याने घरी न्यायची.

अनेक ठिकाणी कोणती वस्तू, कोणता बिघाड, काय केलं, याची नोंद होते. उत्पादकांनी वस्तू दुरुस्त होण्याजोग्या बनवाव्यात, या मागणीला त्या नोंदींचा आधार मिळतो. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला.

आज जगभरात असे अडीच हजारांहून अधिक कॅफे आहेत. बेंगळुरूतही २०१५ पासून ते भरतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन आसपासच्या सोसायट्यांतच राहतात, त्यांची हत्यारंही घरात असतात. सोसायटीचा हॉल, महिन्यातला एक रविवार आणि अर्थिंग नीट असलेला विजेचा बोर्ड, एवढ्यावर तिथे सुरुवात करता येईल.