भिंत, ऊन आणि कासव

कासवासाठी घरामागे वाडा बांधायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो कुंपणाचा. प्राणी पळून जाऊ नये, इतकाच हेतू. पण कासवाला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही. अंग तापल्याशिवाय ते चालत नाही, खात नाही, आणि खाल्लेले पचवतही नाही. त्यामुळे ज्याला आपण वाडा म्हणतो तो खरे तर ऊन साठवण्याची सोय असते, आणि भिंतीला दोन कामे करावी लागतात: अडवणे आणि तापणे.

ही दोन्ही कामे गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. हॅम्पशायरमधल्या सेलबॉर्न गावचे हे धर्मोपदेशक आणि निसर्गनिरीक्षक. १७८० साली त्यांची आत्या वारली आणि तिने सांभाळलेले ‘टिमथी’ नावाचे कासव ससेक्सहून घोडागाडीने ऐंशी मैलांचा प्रवास करून त्यांच्या बागेत आले. १७८९च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात या कासवाबद्दल दोन निरीक्षणे आहेत. जूनच्या सुरुवातीला ते पहाटे पाचलाच उठून बागभर हिंडते, कुंपणातली प्रत्येक फट तपासते आणि जमल्यास निसटते. आणि उन्हाळा सरताना ते फळझाडांच्या भिंतीजवळ जाऊन पाठीची ढाल भिंतीला तिरकी टेकवते, म्हणजे मंद ऊन जास्तीत जास्त अंगावर येते. देवळाच्या सभामंडपातले अंग आवरून बसलेले दगडी कासव पाहत वाढलेल्या मला यातले पहिले निरीक्षण वाचून गंमत वाटली होती. टिमथी मादी होती, हे मात्र तिच्या मृत्यूनंतर कळले. तिचे कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

सेलबॉर्न आमच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर. शेजारच्या आजींना वयोमानाने जमेना तेव्हा त्यांचे हर्मान जातीचे कासव माझ्याकडे आले. ही जात दक्षिण फ्रान्स, इटली आणि बाल्कन प्रदेशातली, म्हणजे कोरड्या, खडकाळ, झुडपी उतारांवरची. १९८४मध्ये युरोपीय देशांनी भूमध्य प्रदेशातल्या कासवांचा आयात-व्यापार थांबवला. त्याआधी अशी कासवे ब्रिटनमध्ये खेळण्यांसारखी विकली जात आणि बहुसंख्य पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत मरत. हिरवळीवर सोडायचे, लेट्यूस घालायचा आणि थंडी आली की गवताने भरलेल्या खोक्यात ठेवायचे, ही तेव्हाची पद्धत. थंड, ओल्या उन्हाळ्यात त्यांचे अन्न नीट पचत नसे. अशक्त कासव झोपी जाई ते उठतच नसे. आजींचे कासव वाचले, कारण त्यांची बाग दक्षिणाभिमुख होती आणि मागे विटांची जुनी भिंत होती.

म्हणून मी वाडा आखताना आधी ऊन मोजले. आमच्या अक्षांशावर, साधारण ५१ अंश उत्तरेला, ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ३१ अंशच वर असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या ४० सेंटीमीटर उंच भिंतीची सावली आत सुमारे ६५ सेंटीमीटर पडते. तेवढी पट्टी शरद ऋतूत वाया गेलेली धरली आणि त्याच्या पलीकडे दगडमातीचा उंचवटा केला, दक्षिणेकडे उतरणारा. उतारावर तिरपे ऊन जास्त सरळ पडते, शिवाय पाणी निथळते. आमची माती चिकण, म्हणून खाली विटांचे रोडे आणि वर वाळू मिसळलेली माती. उत्तरेची भिंत गडद विटांची घेतली. दिवसभर तापलेली वीट संध्याकाळी ऊब परत देते.

भिंत पारदर्शक नको, जाळीची तर नकोच. पलीकडचे दिसले की कासव दिवसभर तिथेच धडका देत राहते. पाया ३० सेंटीमीटर खोल, कारण ते खणते. कोपरे सर्वांत धोक्याचे. दोन भिंतींचा आधार घेऊन ते तिथे वर चढते. म्हणून कोपऱ्यांवर आतल्या बाजूला आडव्या फळ्या ठोकल्या.

एका कोपऱ्यात बसके काचघर आहे, आणि इथे बारकावा समजून घ्यायला हवा. काच ऊब आत ठेवते, पण उन्हातले यूव्हीबी किरण अडवते. नेहमीचे पॉलीकार्बोनेटही तेच करते. या किरणांशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याच्याविना कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडते. तेव्हा काचघर तापण्यासाठी; पुढे उघड्या उन्हात फिरणे आवश्यकच. उलट जुलैत तेच काचघर भट्टी होते. त्याच्या झडपेला मेण भरलेली नळी बसवली आहे. मेण तापून फुगले की झडप आपोआप उघडते. वीज लागत नाही.

चाऱ्याला डँडेलियन, प्लँटेन, क्लोव्हर हे तण पुरते. फॉक्सग्लव्ह आणि डॅफोडिल विषारी, म्हणून उपटले. रात्री काचघराचे दार बंद, उंदीर कासवाचे पाय कुरतडतात.

भारतातून फोन आला की हमखास प्रश्न येतो: “हौद कुठे आहे गं?” मराठीत समुद्रातले, तळ्यातले आणि माळावरचे, सगळी कासवेच. माळावरच्याला पोहता येत नाही. हौदात ते बुडून मरते. त्याला पसरट कौलाएवढे उथळ पाणी पुरे. दुसरा प्रश्न, “आम्हीही पाळू का?” त्याला उत्तर नाही असेच. पिवळ्या रेघांच्या चांदण्या पाठीवर असलेले आपले स्टार कासव घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०१९पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. हा लेख वाचून कुणी असे कासव विकत आणले, तर ते कुठल्या तरी माळावरून पोत्यात भरून चोरलेले असण्याची शक्यताच अधिक.

टिमथी नोव्हेंबरात बागेतच खड्डा करून झोपे. आमच्या चिकण मातीत हिवाळ्यात पाणी साचते, म्हणून मी तो धोका घेत नाही. कासव आधी काही आठवडे उपाशी ठेवून पोट रिकामे होऊ देते, वजन करते आणि मग हवेची भोके पाडलेल्या डब्यात, ५ अंशांवर लावलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवते. शून्याखाली गेले तर डोळे जातात, १० अंशांवर गेले तर ते अर्धवट जागे होऊन साठवलेली शक्ती जाळते. तापमापीचा आकडा रोज बघते. फ्रिजचे दारही त्यासाठी रोज एकदा उघडते, आत ताजी हवा जावी म्हणून.